दादरचा जिन्याखालचा रफूवाला: चार बोटं फाट, सहाशे रुपये, सव्वीस दिवस

दुकान म्हणायला जीभ रेटत नाही. दादर पश्चिमेला रानडे रोडवरून आतल्या गल्लीत वळलं की एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली, जिथे एरवी सायकली आणि मोडक्या कुंड्या पडलेल्या असतात, तिथे एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा आहे. भिंतीवर लाल ऑइलपेंटने ‘रफू’ एवढंच लिहिलंय. नाव नाही, फोन नंबर नाही, मोबाइलच्या नकाशात शोधून सापडणार नाही. कोपऱ्यावरच्या नारळवाल्याला विचारा, तो हात करून दाखवतो.

मी तिथे मार्चमध्ये एक जर्सी दिली आणि एप्रिलमध्ये परत घेतली. काम कसं झालं ते सांगणारच आहे, पण जर्सी कसली होती ते आधी सांगितलं नाही तर मी सहाशे रुपये का मोजले हे कळणार नाही. त्याच गल्लीच्या तोंडाशी नवा टी-शर्ट दीडशेला मिळतो, हे नवऱ्याने मला तीनदा सांगून झालंय.

जर्सी इंग्लंडातल्या न्यूकॅसल युनायटेड या फुटबॉल क्लबची. काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्या, १९९५ ते ९७ या दोन मोसमांतली. गळ्याला नेहमीची कॉलर नाही, कुर्त्यासारखी उभी पट्टी आणि बटणं. छातीवर न्यूकॅसल ब्राउन एल या बिअरचं लेबल, निळ्या ताऱ्यासकट. माझा मामा बोटीवर होता, त्याने १९९६च्या डिसेंबरात आणली. गिरगावच्या आमच्या चाळीत ती पहिल्यांदा दोरीवर वाळत पडली तेव्हा आजीने विचारलं, “छातीवर हे कसलं रे चित्र?” मामा म्हणाला, “सरबताची कंपनी आहे, आई.” आजी गेली तोवर ते सरबतच होतं.

हाच संघ का, याचं माझ्याकडे धड उत्तर नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, माझी अकरावीची परीक्षा चालू असताना, दादा रात्री केबलवर लिव्हरपूल-न्यूकॅसल बघत बसला होता. मी पाणी प्यायला उठले आणि तिथेच बसले. न्यूकॅसल आधी २-१ पुढे, मग ३-२ पुढे, आणि शेवटी ४-३ हरले. स्टॅन कॉलीमोरने भरपाईच्या वेळात गोल मारला आणि न्यूकॅसलचा मॅनेजर केव्हिन कीगन मैदानाकडेच्या जाहिरातीच्या फळीवर असा ओणवा पडला की वाटलं कोणी ओली गोधडी वाळत टाकलीय. जानेवारीत हा संघ बारा गुणांनी पुढे होता. लीग शेवटी मँचेस्टर युनायटेडने नेली. दादा अर्थातच मँचेस्टरवाला, आमच्या वाडीतल्या निम्म्या पोरांसारखा. मी त्या गोधडीच्या बाजूची झाले.

न्यूकॅसलवाल्यांना मॅगपाय म्हणतात. दादाने शब्दकोश उघडून त्याचं मराठी काढलं, दयाळ. खरं म्हणजे दयाळ हा वेगळाच पक्षी, पण काळा-पांढरा तोही आहे, आणि राणीच्या बागेत सकाळी सुरेख शीळ घालतो. “दयाळ कसले, दयाळू आहेत,” दादा म्हणाला, “दारात येईल त्याच्या पदरात कप घालतात.” हा विनोद त्याने १९९८ला केला, एफए कपच्या फायनलमध्ये आर्सेनलने २-० हरवलं तेव्हा. १९९९ला केला, मँचेस्टरने २-० हरवलं तेव्हा. मधे दोनदा, २००९ आणि २०१६ला, संघ खालच्या विभागात गेला तेव्हाही केला, जरी तिथे कपाचा संबंध नव्हता. आणि २०२३च्या फेब्रुवारीत पुण्याहून व्हॉट्सॲपवर केला, लीग कपची फायनल, परत मँचेस्टर, परत २-०. त्या सामन्याला आमचा नेहमीचा गोलकीपर निलंबित होता आणि गोलात उभा होता लोरिस कारिअस. २०१८च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये लिव्हरपूलकडून खेळताना ज्याने दोन गोल अक्षरशः दान केले, तोच.

तिन्ही फायनलना ही जर्सी माझ्या अंगावर होती. घरात तिचं नाव पनवती.

तोवर इंग्लंडातला शेवटचा मोठा चषक न्यूकॅसलने जिंकला होता तो १९५५चा एफए कप. तेव्हा महाराष्ट्र राज्यसुद्धा झालं नव्हतं. १९६९ला युरोपातला फेअर्स कप मिळाला, तो माझ्या जन्माआधी दहा वर्षं. एवढी पार्श्वभूमी पुरे.

१६ मार्च २०२५, रविवार. पुन्हा लीग कपची फायनल, वेम्ब्लीवर, समोर लिव्हरपूल, आपल्याकडे रात्री दहाला सुरुवात. अडचण अशी की माझा मुलगा दहावीला होता आणि सोमवारी त्याचा शेवटचा पेपर, भूगोल. दुसरी अडचण म्हणजे मुलगा लिव्हरपूलचा. सालाहचे गोल बघत वाढलेल्या पिढीतला आहे, हरणं त्याला बातमीसारखं कळतं. घरात ठराव झाला. तो आतल्या खोलीत, दार लोटून. मी बाहेर लॅपटॉपवर, आवाज बंद करून. ओरडायचं नाही. ओरडेल त्याला सोमवारचा चहा मिळणार नाही, असं सासूबाईंनी जाहीर केलं. त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही पण माझा स्वभाव कळतो.

जर्सी घालायची का, यावर दुपारपासून माझं चाललं होतं. शेवटी घडी करून मांडीवर घेतली, म्हणजे घातलीही नाही आणि तिला टाकलीही नाही. ४५व्या मिनिटाला ट्रिपिअरचा कॉर्नर आला आणि डॅन बर्नने बऱ्याच लांबून डोकं लावलं. १-०. हा बर्न साडेसहा फुटी, ब्लाइथचा, म्हणजे न्यूकॅसलच्या अगदी जवळचा. लहानपणी याच क्लबने त्याला अकराव्या वर्षी नारळ दिला. तेराव्या वर्षी कुंपणावर चढताना उजव्या हाताचं एक बोट गेलं. पुढे सुपरमार्केटात ट्रॉल्या गोळा करता करता खालच्या क्लबांतून वर आला, आणि या फायनलच्या दोनच दिवस आधी, बत्तिसाव्या वर्षी, इंग्लंडच्या संघात पहिल्यांदा नाव लागलं.

मुलगा मला अजूनही ऐकवतो, “सौदीच्या पैशावर जिंकलात.” २०२१पासून क्लब सौदीच्या सरकारी निधीच्या ताब्यात आहे, आणि त्यावर माझं मन साफ नाही. मी बर्नचं नाव पुढे करते, तर तो म्हणतो, त्यालाही २०२२च्या जानेवारीत त्याच पैशाने परत आणला. बरोबर आहे त्याचं.

मध्यंतरात मी जर्सी घातली. तेव्हाची मी आणि आताची मी यांत दोन मापांचा फरक आहे, श्वास जपून घ्यावा लागत होता. ५२व्या मिनिटाला मर्फीने डोक्याने मागे दिलेला चेंडू इसाकने सरळ जाळ्यात मारला. ओरडायची बंदी, म्हणून उडी मारली, दोन्ही हात वर करून. खाली येताना डाव्या काखेखाली खिडकीची कडी अडकली आणि टर्रकन आवाज झाला. त्या रात्री आमच्या घरात झालेला सगळ्यात मोठा आवाज तो.

आतून विचारणा झाली, “कोणी मारला?”

“इसाक.”

“आणि फाटलं काय?”

“जर्सी.”

दार उघडून स्वारी बाहेर आली, हातात भूगोलाचं पुस्तक. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना असते. ब्रुनो गिमारेस ब्राझीलचा, जोएलिंटन ब्राझीलचा, तेव्हा उरलेली मॅच हा अभ्यासच झाला, असा त्याचा युक्तिवाद. मी बाजूला सरकून जागा करून दिली.

९४व्या मिनिटाला किएझाने लिव्हरपूलचा गोल केला. आधी ऑफसाइडचं निशाण वर गेलं, मग व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या पंचाने, गोल दिला. माझी खात्री झाली की आता २-२ होणार आणि ही अवदसा अंगावरून उतरवायला हवी. पण उतरेना. फाटलेल्या भागात कोपर अडकलं. शेवटची मिनिटं मी एक हात बाहीत आणि एक हात जर्सीच्या आत, अशी उभ्याने काढली. शिट्टी झाली तेव्हा बारा वाजायला आले होते. प्रभादेवीत शांतता, खाली एक कुत्रा भुंकत होता. जिंकलो तर काय काय करायचं हे मी एकोणतीस वर्षं ठरवत आले होते, पेढे, दादाला फोन करून ऐकवायची चार वाक्यं. प्रत्यक्षात मी फ्रिजमधली बाटली काढून पाणी प्यायले. मुलाने हात पुढे केला, “अभिनंदन,” तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकाशी बोलावं तसं. आणि झोपायला गेला. दादाला मी एकच शब्द पाठवला, “दयाळ.” उत्तर सकाळी आलं, “उडाला बुवा एकदाचा.”

तर ही ती जर्सी. आता दुरुस्ती.

आधी मी दोन ठिकाणी गेले, नावं घेत नाही. एका मॉलमध्ये कपडे मापात करून देणारा काउंटर आहे. तिथल्या मुलीने जर्सी दोन बोटांत धरली आणि म्हणाली, “मॅम, डोनेट करून टाका.” दुसऱ्या, ड्रायक्लीनिंगवाल्याने आतून चिकटपट्टी लावून वर इस्त्री मारतो म्हणून सांगितलं, दहा मिनिटांत, ऐंशी रुपये. त्या इस्त्रीखाली लेबलवरचा निळा तारा वितळला असता. ऑफिसातल्या एका बाईंनी लग्नातला शालू या रफूवाल्या चाचांकडून दुरुस्त करून घेतला होता, त्यांनी हा जिना सांगितला.

चाचा नजीबाबादचे. उत्तर प्रदेशातल्या या गावातून रफूगार पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडले, बहुतेक काश्मिरी शालींच्या कामावर. चाचांच्या बैठकीशेजारी आजही एक शाल असतेच, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. बाकी सामान म्हणजे सुयांची डबी, भिंग, एक ट्यूबलाइट आणि ब्लेड.

त्यांनी जर्सी हातात घेतल्यावर फाट बघितलीच नाही. आधी उलटी केली, खालची दुमड चाचपली, बाहीची शिलाई ताणून पाहिली. “माल है अंदर,” म्हणाले. रफू म्हणजे दुसरा दोरा वापरून शिवणं नव्हे. त्याच कपड्याच्या लपलेल्या भागातून धागा उपसायचा आणि फाटीच्या दोन्ही कडांमधून तो एक आड एक घालत तिथलं कापड पुन्हा विणायचं. शाल, सूट, साडी यांत हे जमतं कारण तिथे उभा-आडवा धागा असतो. जर्सी होजियरीची. तिच्यात फासेच फासे, एक सुटला की पुढचे धावत सुटतात. हे मला चाचांनी सांगितलं, आणि तेही पैसे सांगायच्या आधी. म्हणाले, पहिल्यांदा सगळे सुटलेले फासे बारीक आकड्याने पकडावे लागतील, मग त्यावर रफू. शंभर टक्के लपणार नाही. ताणलं तर ओढ दिसेल. शाल असती तर हात ठेवून शोधायला लावलं असतं तुम्हाला.

फाट एल अक्षरासारखी, लांबी चार बोटं. चाचा बोटांनीच मोजतात आणि बोटांवरच भाव सांगतात. साध्या कापडाला बोटाला शंभर, होजियरीला दीडशे. मी घासाघीस केली नाही. एरवी दादर मार्केटात मी मेथीच्या जुडीवरसुद्धा करते.

मग त्यांनी विचारलं, “किती जुनी?” अठ्ठावीस वर्षं, म्हटलं. “आणि फाटली कशी?” मी खरं सांगितलं, माझा संघ जिंकला म्हणून. चाचांनी भिंगातून माझ्याकडे पाहिलं. बहुधा भिंग खाली ठेवायचं राहून गेलं असेल.

आता तक्रार. कबूल केले होते आठ दिवस, लागले सव्वीस. मी २० मार्चला दिली तेव्हा रमजान चालू होता. रोज्याच्या दिवसांत दुपारनंतर डोळा टिकत नाही म्हणून बारीक काम ते सकाळीच करतात, हे समजू शकते. पण ईदला गावी जाणार आहे हे त्यांनी सांगितलं नाही. मी २८ तारखेला गेले तर जिन्याखाली ताडपत्री. २९ला न्यूकॅसलमध्ये विजयाची मिरवणूक होती, लाखो माणसं, शहरातल्याच टाउन मूर या माळापर्यंत. ती मी घरी बसून साध्या पांढऱ्या कुर्त्यात बघितली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. गुढीला जर्सी नेसवायची माझी इच्छा मी एकदाच बोलून दाखवली, सासूबाई म्हणाल्या, “सणासुदीला काळं?” आणि तसंही जर्सी ताडपत्रीच्या आत होती. पावती देत नाहीत, हीही अडचणच. कॅलेंडरचा कागद आडवा फाडून अर्धा तुम्हाला, अर्धा कपड्याला टाचणीने लावतात. माझ्याकडचा तुकडा संकष्टीचा होता. तो मी सव्वीस दिवस पर्समध्ये सांभाळला.

१५ एप्रिलला मिळाली. काम बघून मी तिथेच पायरीवर बसले. काळ्या पट्टीतली फाट सापडत नाही. खरंच नाही, मी उजेडात नेऊन बघितली, बोट फिरवलं तर थोडं जाड लागतं, तेवढंच. पांढऱ्या पट्टीत मात्र एक रेघ दिसते, आणि ती चाचांची चूक नाही. बाहेरचा पांढरा अठ्ठावीस वर्षांच्या उन्हाने, घामाने, डांबराच्या गोळ्यांनी पिवळट झालाय. दुमडीतून काढलेला धागा अंधारातच होता, तो अजून १९९६च्या पांढऱ्याचा आहे. जुन्या रंगावर कोऱ्या रंगाची रेघ. चाचांनी उपाय सांगितला, तेवढा भाग कोऱ्या चहाच्या पाण्यात बुडवून ठेवतो, रंग मिळून येईल, पैसे नाहीत. मी नको म्हटलं. चहाचा डाग समजून सासूबाई ती पहिल्याच रविवारी भिजत घालतील, हे मी त्यांना सांगितलेलं कारण.

खालची दुमड मात्र एका बाजूला बोटभर आखूड झालीय, कारण माल तिथूनच गेला. हे आधी सांगायला हवं होतं. आत खोचून घातली तर दिसत नाही. धुण्याबद्दल सूचना अशी की मशिन नाही, पिळायचं नाही, दोरीवर चिमटा रफूपासून लांब. आणि ही घालून उडी मारायची नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं.

पैसे रोखच न्या. यूपीआयचा फलक दिसतो, पण तो शेजारच्या चहावाल्याचा आहे. त्याच्याकडे पैसे टाकून तो चाचांना रोख देईपर्यंत तुम्हाला एक कटिंग घ्यावाच लागतो. कटिंग बरा आहे, आलं जास्त.

यानंतर सप्टेंबरात मी पुन्हा एकदा तिथे गेले. १ सप्टेंबरला इसाक लिव्हरपूलला गेला, साडेबारा कोटी पौंडांना, ब्रिटनमधला विक्रमी भाव. आमच्या घरात त्या दिवशी एक माणूस शीळ घालत फिरत होता. त्याच आठवड्यात त्याची लाल जर्सी बसच्या दारात अडकून खांद्याशी फाटली. मी मुद्दाम फाडली असं तो म्हणतो, ते खोटं आहे. चाचांकडे नेली. त्यांनी नेहमीप्रमाणे उलटी केली, दुमड चाचपली आणि मला परत दिली. आजकालच्या जर्सीची दुमड नखाएवढी असते, आणि शिवणीच्या जागी चिकटवलेली. उपसायला धागाच नाही.

“हिच्यात काही नाही,” चाचा म्हणाले. “नवी घ्या.” एक पैसा घेतला नाही.

मुलाला मी हे शब्दशः सांगितलं. तो म्हणतो, माझ्या सांगण्यावरून म्हणाले.

वेळ सकाळी अकरा ते सात, शुक्रवारी दुपारी बंद. जाड कापड, जीन्स वगैरे नेऊ नका, ओरडतात. आणि ईद जवळ आली असेल तर गावी कधी जाणार ते आधी विचारून घ्या.